धुडकू आप्पांची मिशी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, नवागाम येथील यंत्रमाग मास्टर श्री. धुडकू आप्पा यांचे तीर्थरूप बापू हे वारलेले नाहीत. ते सुखरूप असून आज सकाळी त्यांनी दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला आहे. तरी कोणीही पडेल चेहऱ्याने सांत्वनास येऊ नये. चहा मिळणार नाही.

हे निवेदन मी स्वतः, माझ्या वळणदार अक्षरात, सुरतेतल्या नवागामच्या चौकातल्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं. मजकूर आप्पांचा. ‘गांभीर्यपूर्वक’ हा शब्द माझा. शेवटचं वाक्य खुद्द न वारलेल्या बापूंनी, माझ्या मागे काठी टेकून उभं राहून घातलेलं. फळ्यापुढे पन्नासेक माणसं जमली होती आणि त्यातली निम्मी तरी बापूंच्या नावाने आदल्या दिवशी रडून गेलेली होती.

पण मी नेहमीप्रमाणे मधूनच सुरुवात केली. थांबा, नीट सांगतो.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा सुरतेच्या एका इस्पितळात कोबाल्टचं मशीन चालवायचो. कॅन्सरच्या गाठीवर किरणं सोडणारं हे धूड तळघरात असायचं. जाड भिंती, त्याहून जाड दार. आत पेशंट एकटा, बाहेर मी आणि माझं घड्याळ. आमच्याकडे या उपचाराला ‘शेक’ म्हणत. मी मूळचा अकोल्याचा, स्वभावाने बोलघेवडा, आणि दिवसभर अशा माणसांच्यात ज्यांना बोलायची इच्छा नाही. माझी फार उपासमार व्हायची. ती धुडकू आप्पांनी संपवली.

आप्पा खानदेशातले, पारोळ्याकडचे. तिशीच्या आतच सुरतेला आले आणि एका खात्यात मास्टर झाले. खातं म्हणजे सुरतेत यंत्रमागांचा कारखाना. अठ्ठेचाळीस माग एकदम धडधडत असताना हा माणूस दारात उभा राहायचा, मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, “तिसरी ओळ, पाचवा. पट्टा सैल शे.” आणि तो असायचाच. मागाचा आवाज त्यांच्या अंगात इतका मुरला होता की जेवतानाही घास ठेक्यात चावायचे. त्यांची बायको कौशल्याबाई सांगायच्या, “सुटीच्या दिवशी सगळं शांत असतं ना भाऊ, तर यांना झोप नाही लागत.”

‘धुडकू’ या नावाचीही गंमत आहे. धुडकं म्हणजे चिंधी. आप्पांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून बापूंनी चौथ्याचं नाव धुडकू ठेवलं. यम आला तर त्याने बघावं, चिंधी आहे म्हणून नाक मुरडावं आणि निघून जावं. आप्पा हे अभिमानाने सांगायचे. सांगताना मिशीवरून बोट फिरवायचे. मिशी म्हणजे मिशी होती! दोन्ही टोकांना वर वळलेली, तेल लावलेली. खात्यात नवा आलेला कारागीर आधी मिशीला नमस्कार करी, मग आप्पांना.

त्या उन्हाळ्यात आप्पांच्या हातून पाना पडला. एकदा पडला, लोक हसले. दुसऱ्यांदा पडला, कोणी हसलं नाही. तिसऱ्यांदा पाना पडला आणि पाठोपाठ आप्पा. मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, हाताला लागली तेवढी गाठ काढली आणि तपासणीत ती चौथ्या ग्रेडची निघाली.

“चौथी म्हणजे पासाची का नापासाची?” आप्पांनी विचारलं.

आमचे मोठे डॉक्टर उंचीने लहान, गुजराती, मुंबईत शिकल्यामुळे मराठी स्वच्छ बोलणारे. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही, हा त्यांचा एकमेव दोष. म्हणाले, “सगळ्यात वाईट. पुन्हा वाढणारी. म्हणून शेक द्यायचा. एकूण साठ माप. रोज दोन, आठवड्यातून पाच दिवस, तीस वेळा.”

“पन्नासात नाही भागणार?”

“पूर्वी लोक पन्नास देऊन बघायचे. साठवाले त्यांच्यापेक्षा जास्त दिवस काढतात.”

“मग ऐंशी द्या.”

“त्याने आयुष्य वाढत नाही. चांगला मेंदू मात्र भाजतो.”

हे डॉक्टर रोज कोणाला ना कोणाला समजावून सांगत आणि रोज समोरचा माणूस शून्यात बघत बसे. आप्पांचा चेहरा मात्र उजळला. म्हणाले, “म्हणजे पिकसारखंच की! पिक म्हणजे आडवे धागे, इंचात साठ बसवायचे असतात. चोर मालक पन्नास बसवतो, कापड झिरझिरीत होतं, पहिल्या धुण्यात जातं. आणि हावऱ्या कारागिराने ऐंशी कोंबले की धागाच तुटतो. साठ म्हणजे साठ. कळलं!”

डॉक्टरांना स्वतःलाही इतकं चांगलं समजलं नसावं.

मग आप्पांनी खरी गोष्ट काढली. “साहेब, मला फार नको. फक्त बापूंच्या मागे जायचंय. तीन लेकरं त्यांनी स्वतःच्या हाताने पुरलीत. चौथं त्यांच्या खांद्यावर नको.”

“वडिलांचं वय काय?”

“ब्याऐंशी.”

“मग ठीक आहे,” डॉक्टर जरा मोकळे झाले. “तब्येत कशी आहे त्यांची?”

“रोज विहिरीत पोहतात.”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मग जरा अवघड आहे,” म्हणाले.

बापूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सांगायचंही नाही, असं आप्पांनी घरात बजावलं होतं. आणि ते गुपित माझ्यामुळे फुटलं.

शेक सुरू करण्याआधी डोक्यावर जांभळ्या शाईने खुणा कराव्या लागतात. किरणं रोज नेमकी त्याच चौकोनात पडली पाहिजेत. ऑपरेशननंतर आप्पांचे केस खुरटे वाढलेले. मी सहज म्हणालो, “उद्या डोकं तुळतुळीत करून या.” मी अकोल्याचा असून माझ्या डोक्यात आलं नाही! आप्पा घराजवळच्या सुकलालच्या दुकानात गेले. सुकलाल त्यांच्याच गावाकडचा. आप्पा खुर्चीत बसले आणि म्हणाले, “सगळं काढ.”

आता विचार करा. पंचेचाळिशीचा माणूस, गावी म्हातारा बाप, चेहरा उतरलेला, आणि म्हणतो सगळं काढ. सुकलालने एक शब्द विचारला नाही. अशा वेळी विचारत नाहीत. त्याने डोकं केलं आणि डोळ्यांत पाणी आणून, अतिशय हळुवार हाताने, मिशीही उतरवली. आप्पा डोळे मिटून बसले होते. उघडले तर आरशात भलताच माणूस.

“सुक्या! मिशी?”

“बापाच्या मागे रीत मोडू नये, आप्पा,” सुकलाल हुंदका देऊन म्हणाला आणि दुकान बंद करून बातमी सांगायला निघाला.

दुपारपर्यंत आप्पांच्या दारात सत्तर माणसं. बायकांनी कौशल्याबाईंच्या गळ्यात पडून सूर धरलेला. त्या बिचाऱ्या आजाराबद्दलच रडताहेत असं समजून त्याही रडताहेत. आप्पा ओरडताहेत, “मन्हा बाप जित्ता शे! जिवंत आहे!” आणि म्हातारी मंडळी त्यांच्या पाठीवरून हात फिरवताहेत, “व्हय रे बाप्पा, असंच वाटतं सुरुवातीला.” कोणीतरी भेस्तानच्या एसटीडी बूथवरून गावी फोनही लावला. गावातले लोक बापूंच्या घराकडे धावले. दार बापूंनीच उघडलं. हातात भाकरी.

“कोण मरी गया?” त्यांनी विचारलं. सांगितलं तेव्हा म्हणाले, “मी? माले तं कोनी सांगंच नही!”

पण म्हातारा हुशार. पोराने मुंडण केलंय हे खरं, आणि मी तर मेलो नाही, मग कोण मरतंय? दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने बापू सुरतेत हजर. घरात शिरले, आप्पांच्या डोक्यावरची शिवण बघितली, नुकत्याच काढलेल्या जांभळ्या खुणा बघितल्या. आप्पांनी मान खाली घातली. मी तिथेच होतो. माझ्या एका वाक्याने एवढं रामायण झालेलं, म्हणून माफी मागायला गेलो होतो.

बापूंनी लेकाच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. मग मला म्हणाले, “भाऊ, सिनेमाच्या तिकिटाला रांग असते ना?”

“असते.”

“मी पुढे शे. हाऊ मागे शे.” त्यांनी आप्पांकडे बोट केलं. “लाईन मोडानी नही. तुम्ही काय करायचं ते करा.” आणि लगेच, “खडू आना. चौकात फळा शे ना?” ते निवेदन या क्षणाचं.

शेक सुरू झाला. बापू सुरतेतच मुक्काम ठोकून राहिले. बाकीचे पेशंट आत एकटे पडले की देवाचं नाव घेत. आप्पा मागाचे ठेके मोजत. मशीनचा आवाज सुरू झाला की मनात माग सुरू करायचे आणि बंद झाला की बाहेर येऊन आकडा सांगायचे. “तीनशे वीस, साहेब.” रोज तीनशे वीस. मला वाटायचं, ठोकून देतात. मग ऑक्टोबरची पहिली पाळी आली आणि आप्पा बाहेर येऊन माझ्याकडे संशयाने बघत म्हणाले, “आज तीन जास्त.”

कोबाल्ट दर महिन्याला थोडं थोडं मंदावतं, म्हणून आम्ही महिन्याच्या सुरुवातीला वेळ किंचित वाढवतो. त्या दिवशी मी एक सेकंदभर वाढवला होता. फक्त एक! हे कारण सांगितलं तर आप्पा खूश झाले. “म्हणजे जुना माग. मग तुम्ही इमानदार. मला वाटलं, घाईत हात चुकला.”

घाईत असण्याचं कारण होतं. ते आता सांगावंच लागेल, आणि त्यात माझी शोभा नाही.

आप्पांचे पंधरा शेक झाले आणि सुरतेत प्लेग आला. तोंडाला रुमाल बांधलेलं शहर ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. शनिवार-रविवार या दोन दिवसांत स्टेशनवर मुंगीला जागा नाही. खाती बंद. नवागामची गल्ली न् गल्ली गाठोडी बांधून खानदेशाकडे. सुकलाल न्हावीही गेला. आमच्या विभागातला दुसरा टेक्निशियन निरोप न ठेवता पसार झाला. बायको-मुलीला मी पहिल्याच गाडीने अकोल्याला पाठवलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःची बॅग भरली. वाटेत इस्पितळात शिरलो, ते मशीनच्या किल्ल्या मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायला. डॉक्टर वरच्या मजल्यावर तापाच्या पेशंटांत होते. भेट टळली, बरं वाटलं.

तळघरातून बाहेर पडतो तर बाकावर दोन टाळकी. एक तुळतुळीत, एक पांढरं. नवागामहून चालत आले होते. रिक्षा नव्हत्याच.

“तुम्ही गेला नाहीत?” मी ओरडलोच.

“आज सोळावा,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, अहो शहर रिकामं झालंय! आठ-पंधरा दिवसांनी येऊ, मग पुढचे देऊ.”

आप्पांनी माझ्या बॅगेकडे बघितलं. रागावले नाहीत. खात्यात नव्या कारागिराला सांगावं तसं सांगू लागले. “माग मधेच बंद पडला ना साहेब, आणि परत सुरू केला, तर त्या जागी कापडात पट्टी पडते. पुढचं कितीही चांगलं विणा. व्यापारी कापड उजेडात धरतो आणि बोट नेमकं तिथेच ठेवतो. डॉक्टरांनी सांगितलंय, खंड नको. मन्हा डोकामा पट्टी पाडू नका.”

“माझी गाडी आहे हो!”

“किती वाजता?”

“तासाभरात.”

“मग पुष्कळ वेळ आहे. दोन मिनिटांचं काम. आजना आज. सकायनं सकाय दखसूत.” आजचं आज, उद्याचं उद्या बघू.

बापू उठले, माझ्या हातातली बॅग घेतली, बाकाखाली सरकवली आणि तिच्यावर पाय ठेवून बसले.

मी आप्पांना आत नेलं. डोकं पट्टीने बांधलं, खुणा जुळवल्या, दार लावलं. दोन मिनिटं. “तीनशे वीस,” आप्पा म्हणाले. माझी गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी मी पक्का निश्चय करून आलो, तर दोघे बाकावर. “फक्त आजचा.” तिसऱ्या दिवशी, “फक्त आजचा.” हा माणूस एकदाही म्हणाला नाही की साहेब, पंधरा दिवस थांबा. तसं म्हणाला असता तर मी पळालो असतो, शपथेवर सांगतो. तीस शेक द्यायची छाती माझ्यात नव्हती. पण एक? एक द्यायला नाही कसं म्हणणार? तिसऱ्या दिवसानंतर आणखी चार पेशंट परतले. मशीन चालू आहे, ही बातमी आप्पांनीच पोचवली होती. कडोदऱ्याची एक बाई भावाच्या सायकलवर मागे बसून यायची. माझी बॅग बाकाखालीच राहिली. रोज सकाळी तीतून एक सदरा काढून मी घालायचो. बॅग रिकामी झाली तेव्हा लक्षात आलं, आपण कुठेच जात नाही आहोत.

प्लेगच्या गोळ्या आम्ही सगळ्यांनी ओळीने बसून घेतल्या. बापूंनी आपली गोळी ठेच्याबरोबर घेतली.

तिसावा शेक झाला त्या दिवशी शहर हळूहळू परतत होतं. आप्पा बाहेर आले. आकडा सांगितला नाही. माझे दोन्ही हात हातात घेतले आणि उजेडाकडे तोंड करून, कापड तपासावं तसे उलटे-पालटे करून बघितले. “पट्टी नाही,” म्हणाले. मोठे डॉक्टर जिन्यावर उभे होते. पंधरा दिवसांची दाढी, डोळे खोल गेलेले. त्यांनी टाळी वाजवली. एकच. मग आजूबाजूच्या सगळ्यांनी वाजवल्या. बापू काठी आपटत होते.

त्यानंतर आप्पा दर तीन महिन्यांनी तपासणीला यायचे. पहिलं वर्ष गेलं. डॉक्टर खोटं बोलत नसल्याने म्हणाले, “एवढ्याची आशा होती.” दुसरं गेलं, तेव्हा म्हणाले, “हे चांगलं आहे.” तिसऱ्या वर्षी ते डोक्याचा फोटो उजेडात धरून बराच वेळ बघत बसले आणि मग माझ्या कानात म्हणाले, “मला कारण विचारू नकोस. साठ मिळालेले सगळे असे जगत नाहीत.” हे खरंच होतं. कडोदऱ्याची ती बाई वर्षभरातच गेली. परतल्यापासून तिनेही एक दिवस चुकवला नव्हता. आप्पा तिच्या दहाव्याला जाऊन आले आणि त्या खेपेला माझ्याशी फारसं बोलले नाहीत.

उजवा हात थोडा कमजोर राहिला, म्हणून पाना डाव्या हातात आला. शेक लागलेल्या जागी केस विरळच उगवले. पण मिशी! मिशी पूर्वीपेक्षा दाट आली. सुकलालने प्रायश्चित्त म्हणून ती आयुष्यभर फुकट कातरायचं कबूल केलं होतं. आप्पा म्हणायचे, “आता ही बापूंसाठीच उतरणार. त्याआधी यमाने मागितली तरी नाही.” बापू गावी विहिरीत पोहत होते. दर दिवाळीला लेकाला विचारायचे, “रांगेत शेस ना?” आणि आप्पा म्हणायचे, “तुमच्या मागेच.”

चौथं वर्ष. पाचवं.

आणि मग पाचव्या वर्षाच्या तपासणीला आप्पा आलेच नाहीत. एक आठवडा. दोन. मी नवागामला जाऊन यायचं रोज ठरवत होतो आणि रोज टाळत होतो. आमच्या धंद्यात पेशंट येईनासा झाला की काय समजायचं असतं, ते मला चांगलं ठाऊक होतं.

एका सोमवारी सकाळी तळघरात उतरलो. बाहेरची बाकं भरलेली. आणि त्याच बाकावर, माझ्याकडे पाठ करून बसलेलं एक तुळतुळीत डोकं. डोक्यावर आडवी जुनी शिवण. ती शिवण मी तीस वेळा जवळून पाहिली होती.

आमच्या तळघरात डोकं भादरण्याचं एकच कारण असतं. म्हणजे गाठ परत आली. परत ऑपरेशन, परत खुणा. आणि त्या जागेला पुन्हा साठ देता येत नाहीत, हे मला माहीत होतं. बापू कसे सहन करतील, हा विचार आधी आला.

“आप्पा,” मी कसाबसा म्हणालो.

ते वळले. मिशी नव्हती. वरचा ओठ कोरा, गोरा, लहान मुलासारखा. डोळे लाल, पण मान ताठ. उठून उभे राहिले. हात जोडले.

“बापू गेले साहेब,” म्हणाले. “सकाळी पोहून आले, भाकरी मागितली आणि बसल्या जागी गेले. मी पाणी पाजलं. मीच अग्नी दिला. काल तेरावं करून आलो.”

तळघरात चाळीस माणसं होती. सगळी आमच्याकडे बघत होती. कौशल्याबाई पदर डोळ्याला लावून उभ्या होत्या. आणि मी, सुशिक्षित, संसारी, अशा प्रसंगी काय बोलावं हे जाणणारा माणूस, आप्पांचे दोन्ही हात धरून सगळ्या तळघराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडलो,

“अरे वा, आप्पा! फारच छान झालं!”